सातव्या वळणावरचा नारळ

प्रवासावर लिहायचं तर माणसाने प्रवास तरी केलेला असावा. मी जिल्ह्याबाहेर इतका लांब आयुष्यात एकदाच गेलो, तोही थोड्या दिवसांसाठी, आणि पाहिलं काय, तर डांबराचा एक रस्ता, जो सुरू होतो तिथेच परत येतो. वाटेत देवळं असतील, किल्ले असतील, मी काही पाहिले नाहीत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे घरच्यांना वाटतं मला लिहिता येतं, आणि कॉलेजातल्या मुलांना वाटतं येत नाही. दोन्ही थोडं थोडं खरं आहे. मोठ्या माणसांनी लिहिलेली प्रवासवर्णनं वाचून त्यांच्या पंक्तीला जाऊन बसतोय असं कोणाला वाटलं, तर मला क्षमा करावी. गाड्यांच्या शर्यतीतलं मला आधी काही कळत नव्हतं, आजही फार कळत नाही. जिथे चुकेन तिथे माझी समज कमी पडली असं धरावं. ज्यांनी समजावलं त्यांनी नीटच समजावलं होतं.

त्या ट्रॅकचं आणि शहराचं नाव मी लिहिणार नाही. तिथे मला कोणी वाईट वागवलं नाही, आणि जे झालं त्यात त्या गावाचा काही दोष नव्हता.

सडा

आमचं गाव मालवणपासून आत, भातशेतीचं आणि काजूंचं. गावाच्या डोक्यावर सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसात त्यावर गवत आणि फुलं असतात, दिवाळीनंतर नुसती लाल धूळ. थंडीच्या दिवसांत रविवारी आमच्याकडची मुलं तिथे जुन्या गाड्यांच्या शर्यती लावतात. बक्षीस म्हणजे एखादा कोंबडा, तोही जिंकणाऱ्याला सगळ्यांना करून घालावा लागतो.

या शर्यतींत माझा मावसभाऊ संदेश सहसा हरायचा नाही. माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. एरवी तो कुडाळ स्टेशनावरून पर्यटकांना गाडीत घालून तारकर्ली-देवबागला सोडायचा. मी कॉलेजात गेल्यापासून माझं नाव त्याने टाकलं आणि मला 'प्रोफेसर' म्हणायला लागला. "प्रोफेसर, टायर उचल. पुस्तकात नाय मेळाचो तो."

सड्यावरचा एक रिवाज सांगायला हवा. गाड्या वळताना चाकांनी उडालेली माती वळणाच्या बाहेरच्या अंगाला साचत जाते. काही रविवारांत तिथे वीतभर उंचीचा मातीचा बांध तयार होतो. त्या बांधाला चाक टेकलं की गाडी घसरत नाही, बांध तिला धरून ठेवतो. आतल्या बाजूला मात्र माती खरवडून खालचा गुळगुळीत जांभा उघडा पडतो. म्हणून सड्यावर बाहेरची बाजू चांगली, आतली वाईट. आणि मुलांचा नियम असा, की पहिल्या फेरीत बांध दुसऱ्याला द्यायचा. जो पुढे असेल त्याने वाईट बाजू स्वतः घ्यायची आणि बाहेरून दुसऱ्याला जाऊ द्यायचं. दुसऱ्या फेरीपासून कोणी कोणाचा नाही. पहिल्या फेरीत ज्याने बांध दिला नाही, त्याला पुढचा पावसाळा येईपर्यंत टोमणे खावे लागतात.

कोल्हापूरच्या एका गॅरेजवाल्याने दादाला सड्यावर पाहिलं. त्याने दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर, नवख्या चालकांच्या शर्यतीत, त्याला गाडी दिली. तिथे आधी शिकवणी झाली आणि मग शर्यत. पहिल्याच फेरीत सातव्या वळणावर दादाची गाडी आणि कार्तिक नावाच्या तिथल्याच एका मुलाची गाडी, दोन्ही रस्त्याबाहेर गेल्या. दादाचा पाय मोडला आणि डोक्याला मार बसला. मावसा तिकडे जाऊन राहिले आणि बऱ्याच दिवसांनी त्याला घरी घेऊन आले. शर्यत सुरू होताना लाल दिवे विझले, एवढं त्याला आठवतं. त्यानंतर थेट हॉस्पिटलचा पंखा.

घरी आल्यापासून दादा दोनच गोष्टी विचारायचा. माझी चूक होती काय? आणि कार्तिक कसा आहे?

"बरो आसा," मावसा म्हणायचे. "तेच्या घरचे बघतत तेका. तू तुझ्या पायाचा बघ." आणि गुरांना पाणी दाखवायला उठायचे.

मी मोबाइलवर शोधलं. नवख्यांच्या शर्यतीची बातमी कोण देणार? निकाल तेवढा सापडला. दोघांच्याही नावापुढे 'शर्यत पूर्ण केली नाही' असं लिहिलेलं होतं.

काजूला मोहोर आला होता तेव्हाची गोष्ट. दादा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्चीवर पाय लांब करून बसला होता.

"प्रोफेसर, थंय जातलंस?"

"खंय?"

"सातव्या वळणार. माका कायेक आठवना नाय. तू चालत जा, बघ, हात लावन बघ. आणि येवन माका सांग थंय काय आसा ता. माझी चूक होती तर चूक होती म्हणान सांग."

"माका गाडी चालवक येना नाय रे दादा. माका काय कळतला?"

"म्हणानच तुका धाडतंय. गाडी चालवणारो गेलो तर माका बरा वाटात तसाच सांगतलो." मग म्हणाला, "कार्तिकाक भेट. तेका म्हण, बरो झालंस की मालवणाक ये. शिकवणीत सगळ्यांका इडली, आणि ह्यो माका इचारता, तुमच्याकडे मासे कसे करतत. करून घालतलंय म्हटलंलंय."

मी निघताना मावशीने पिशवीत एक नारळ घातला. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणारा असतो असं मानतात, त्याला जागेवाला म्हणतात. नवी विहीर खणायची असो की घर बांधायचं असो, आधी त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, म्हणजे मोठ्याने बोलून त्याची परवानगी मागतात. बाकीचे लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात.

"परक्या जाग्यार गाडी घातल्यान, आणि जागेवाल्याक काय दिल्यान? कायेक नाय," मावशी म्हणाली. "तू दी. आणि त्या दुसऱ्या झिलाचा नाव घेवक इसरा नको. तेची पण आवस बसली असतली." आमच्याकडे मुलाला झील म्हणतात आणि आईला आवस.

मावसा पडवीच्या खांबाला धरून उभे होते. "कित्याक धाडतंस पोराक उगीच?"

"तुमका नाय कळाचा," मावशी म्हणाली.

मावसांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, खर्चाचा विचार करत असतील.

दक्षिणेत

रेल्वेतल्या बसण्या-झोपण्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मावशीने दिलेले घावणे मंगळूर येण्याआधी संपले आणि तिथून पुढे मी इडलीवर होतो.

शहरात उतरून बस धरली. बसने एकदम ब्रेक मारला आणि माझ्या पिशवीतला नारळ सुटून गडगडत पुढे गेला, तो एका म्हाताऱ्या बाबांच्या पायावर आपटला. मी मराठी, हिंदी, इंग्रजी अशी सगळ्या भाषांत माफी मागितली, त्यांना एकही कळली नाही. त्यांनी नारळ उचलला, शेंडी पाहिली, डोळ्यांना लावला आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिला. पाऊल त्यांनी नंतर, मी पाहत नाही असं पाहून चोळलं. घर सोडल्यापासून मला तेव्हा पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

खानावळीत केळीच्या पानावर भाताचा ढीग आला. आमच्याकडे भातावर आधी माशाचं सार येतं, म्हणून मी थांबून राहिलो. वाढप्याने सांबार ओतलं. मी पुन्हा थांबलो. मग पातळसं तिखट रसम आलं, ते मला सोलकढीसारखं शेवटी प्यायचं वाटलं म्हणून वाटी मागितली. शेजारच्या माणसाने माझ्या भातात हाताने आळं करून दाखवलं आणि म्हणाला, "हियर. पोर." मी ओतलं. पानाच्या कडेने सगळं वाहून माझ्या मांडीवर आलं. तो इतका हसला की शेवटी मीही हसलो. आळं करायला शिकलो, पण ते भात संपल्यावर.

सातवं वळण

गॅरेजवाल्याने फोन करून ठेवला होता, म्हणून फाटकावर मला अडवलं नाही. आत माझी गाठ रेवतीताईंशी घालून दिली. त्या बँकेत अधिकारी आहेत आणि सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर निशाणं दाखवायचं काम हौसेने करतात. पुढे धोका असला की पिवळं निशाण हलवायचं, शर्यत थांबवायची तर लाल. नारिंगी कपडे, कमरेला शिट्टी. त्यांचे वडील रेल्वेत नागपूरला होते, त्यामुळे त्यांना मराठी येतं, आमच्यापेक्षा वेगळं.

"पिशवीत काय घेऊन राहिला रे?"

"नारळ."

"अरे, चटणी इथे कॅन्टीनमध्ये मिळते ना बाबू!"

मी कोणाचा भाऊ ते सांगितलं. त्यांचं हसणं थांबलं. "त्या दिवशी सातव्यावर मीच होती," त्या म्हणाल्या. "चल. जेवणाची सुट्टी आहे, गाड्या बंद आहेत. पायी जाऊ."

ज्यांनी असा रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टीव्हीवर तो सपाट दिसतो. प्रत्यक्षात तो चढतो, उतरतो, एका अंगाला कलतो, आणि हे सगळं इतकं थोडंथोडं की पायाला कळतं, डोळ्यांना कळत नाही. उन्हाने डांबर असं तापलं होतं की माझ्या चपलेचा तळ चिकटून चर्र आवाज करत सुटायचा.

मी म्हटलं, सगळ्यात कठीण हा लांब सरळ भाग असणार, इथे वेग फार.

"सरळवर तर माझी सासू पण पळवेल," त्या म्हणाल्या. "सरळवर ड्रायव्हर आराम करतो, हाताचा घाम पुसतो. कठीण आहे ते थांबणं. बघ, ते आकडे लिहिलेले बोर्ड दिसतात? त्यातल्या कोणत्या बोर्डाला ब्रेक लावायचा, सगळा खेळ तो. आधी लावला तर मागचा पुढे जातो. उशिरा लावला तर गाडी वळतच नाही. आणि तो बोर्ड रोज सारखा नसतो रे. सकाळी थंड रस्त्याला वेगळा, दुपारी वेगळा. तिकडे शेतं मोकळी आहेत, त्या बाजूने वारा आला की आणखी वेगळा."

पुढे तीन वळणं एकाला एक जोडलेली आहेत. पहिल्यात थोडा लोभ केला तर गाडी दुसऱ्यात चुकीच्या जागी शिरते, आणि तिसऱ्यातून बाहेर पडताना इतकी हळू असते की त्यापुढचा सरळ रस्ता सगळा वाया जातो. म्हणजे चूक एका ठिकाणी होते आणि दिसते भलत्याच ठिकाणी. आत गाडीत भट्टीसारखं गरम होतं. चालकाला मधे पाणी पिता येत नाही की डोळा पुसता येत नाही. आंबोली घाटात आमचा एसटीचा ड्रायव्हर दर वळणावर हॉर्न मारून मोकळा होतो. इथे हॉर्न नाही.

सातवं वळण उजवीकडे जातं. त्याच्या तोंडाशी एक लहान उंचवटा आहे, त्यामुळे शिरताना त्याचा शेवट दिसत नाही. समोर झाडांची ओळ सरळ गेलेली दिसते आणि मन म्हणतं, रस्ताही असाच जाणार. पण रस्ता झाडांना सोडून आत वळतो, आणि जसजसं पुढे जावं तसा जास्तच वळत जातो. घाटात रस्ता डोंगराच्या अंगाला कललेला असतो, गाडी आत राहते. हा बाहेरच्या अंगाला कलला आहे.

"इथून एक गाडी नीट जाते," रेवतीताई म्हणाल्या. "पहिल्या फेरीत दोन येतात. टायर थंड असतात, सगळे घाईत असतात. माझं निशाण नेहमी हातातच असते."

मी रस्त्यावर बसलो. दादाने सांगितलं होतं, हात लावून बघ. आतल्या बाजूला गाड्या जातात तो पट्टा काळा, स्वच्छ, खरखरीत होता, बोट घासलं तर सोलवटेल असा. मग मी बाहेरच्या बाजूला गेलो. तिथे माझी चप्पल एकदम सरकली आणि मी पडता पडता राहिलो. खाली पाहिलं तर झिजलेल्या टायरांच्या रबराचे काळे दाणे, मिरीएवढे, सगळीकडे पसरलेले, आणि त्यात शेतातली धूळ.

"हे असंच असते," त्या म्हणाल्या. "सगळा कचरा बाहेर उडतो. बाहेर गेला तो घसरला."

"त्या दिवशी काय झालं?"

"तुझा भाऊ पुढे होता. कार्तिक त्याच्या बाजूला आला. तुझ्या भावाला दार बंद करता आलं असतं, म्हणजे आडवं येऊन त्याची वाट अडवता आली असती, सगळे करतात. त्याने नाही केलं. तो आत आत गेला आणि बाहेर पूर्ण एक गाडीची जागा सोडली. मी बघितलं ना माझ्या डोळ्यांनी. हात वर करून इशारा पण केला त्याने, ये म्हणून. मला नवल वाटलं. असं इथे कोणी करत नाही." त्यांनी बाहेरच्या भिंतीकडे बोट केलं. "कार्तिक त्या जागेत आला आणि घसरला. भिंतीला लागला, आणि तिथून गाडी परत रस्त्यावर आली, तुझ्या भावावर."

ऊन फार होतं. खालून उचललेले ते काळे दाणे मी हातात किती वेळ धरून होतो कोण जाणे. दादाने त्याला बांध दिला होता.

गाऱ्हाणं

नारळ फोडायला रेवतीताईंनी परवानगी दिली नाही. "एक तुकडा रस्त्यावर उडाला ना, कोणाचा तरी टायर गेला समज." म्हणून भिंतीच्या पलीकडे, तारेच्या कुंपणाबाहेर, एका कडुनिंबाखाली आम्ही गेलो. मी जागा हाताने साफ केली, नारळ शेंडी वर करून ठेवला.

गाऱ्हाणं घालायचा मान गावातल्या मोठ्या माणसांचा असतो. मी लहानपणापासून ऐकलेलं, कधी घातलेलं नाही. शिवाय 'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणी नव्हतं. ते मी रेवतीताईंना सांगितलं.

"मी म्हणते ना. काय म्हणायचं? व्हय म्हाराजा. ठीक आहे."

मी डोळे मिटले. आवाज चोरटा येत होता.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याचो जो कोण राखणारो असात, तेका आज ह्यो नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," रेवतीताई म्हणाल्या. निशाण दाखवणाऱ्या बाईचा आवाज, खणखणीत.

"आमचो झील हय इलो, तेका रीत म्हायत नव्हती. काय चुकला असात तर लेकरू समजान पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"संदेश आणि कार्तिक, दोघांकय बरे कर. दोघांकय पायार उभे कर, आणि आवशीच्या डोळ्यासमोर ठेव रे म्हाराजा."

काही आवाज आला नाही. मी डोळे उघडले. त्या ओठ घट्ट मिटून रस्त्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, मालवणी कळली नाही. मी तेच पुन्हा, जरा सावकाश म्हटलं.

"व्हय म्हाराजा," त्या म्हणाल्या, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू.

परत येताना मी कार्तिकचं घर विचारलं. ते लोक शहरातून गावी गेले, असं त्या म्हणाल्या. "तुझा नंबर दे. मी सांगते तुला." कॅन्टीनमध्ये त्यांनी मला लिंबू घातलेला भात घेऊन दिला आणि स्वतः जेवल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, ऊन लागलं.

खळं

येतानाच्या गाडीत मी काय बोलायचं ते मनात पाठ करत होतो. जागा सोडली होती, एवढंच सांगायचं. ते खोटं नव्हतं.

मी घरी पोचलो तेव्हा दादा कुबडी घेऊन फाटकापर्यंत आला होता. मला हातपाय धुवायलाही दिले नाहीत.

"सांग."

मी झाडांची ओळ, उंचवटा, रस्त्याचा कल, सगळं सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता आणि त्याचा चांगला पाय जमिनीवर आपोआप ब्रेक दाबत होता.

"तू जागा सोडलंलंस दादा," मी म्हटलं. "एक गाडी पुरी जायत इतकी. बाईन आपल्या डोळ्यान बघितल्यान. हात पण दाखवलंलंस तेका."

त्याने डोळे उघडले. इतक्या महिन्यांत त्याचा चेहरा तसा मोकळा झालेला मी पाहिला नव्हता. "सोडलंलंय? खरा?"

"आवशीची शपथ."

तो हसला. मावशी आतून म्हणाली, "बघ, मी काय म्हणी होतंय!" मग त्याचं हसणं थोडं थोडं कमी होत गेलं.

"खंयची बाजू सोडलंलंय?"

पाठ केलेलं त्याच्यापुढे काही चालेना. "भायली," मी म्हटलं.

तो बराच वेळ अंगठा बोटांवर घासत राहिला, जणू त्याच्या हातात काही होतं.

"शिकवणीत सांगितल्यानी होता. भायर कचरो असता म्हणान. माका म्हायत होता रे." मग म्हणाला, "मी तेका बांध दिलंय, प्रोफेसर."

"तू चांगल्या मनान दिलंस."

"ता तेका काय म्हायत? तेका वाटत असतला, ह्यान माका मुद्दाम भायर घातलो. पडून पडून ताच इचार करीत असतलो." त्याने कुबडी सरळ केली. "माका तेच्याशी बोलूचा आसा. सगळा सांगतलंय. गाळी घातल्यान तर घालूंदे."

मी रेवतीताईंना निरोप पाठवला, की दादाला कार्तिकशी स्वतः बोलायचं आहे. उत्तर आलं नाही. दादा रोज विचारायचा. काय बोलायचं ते त्याने हिंदीत जुळवलं होतं आणि माझ्याकडून तपासून घ्यायचा. 'हमारे यहाँ बाहर का साइड अच्छा होता है, भाई.' मावसा तेव्हा जवळ असले तर उठून जायचे.

काजू उतरायला लागले. एका सकाळी मी, मावशी आणि दादा खळ्यात बसून बोंडांपासून बिया सोडवत होतो. बियांच्या डिकाने हात काळे चिकट झालेले, त्यामुळे फोन वाजला तेव्हा मी कोपराने बटण दाबून आवाज मोठा ठेवला. रेवतीताई होत्या.

"तुझा निरोप मिळाला रे. मला रोज लिहायचं होतं, लिहिणं झालं नाही. तुमच्या घरी खरंच कोणी सांगितलं नाही का? तुझ्या भावाचे वडील तेव्हा इथेच होते. त्यांच्यासमोर झालं सगळं. कार्तिक त्याच आठवड्यात गेला, बाबू. तू त्या दिवशी झाडाखाली त्याचं नाव घेतलं, तर माझ्या तोंडातून शब्दच नाही निघाला."

मी फोन बंद करायला हात पुढे केला, पण बोटं चिकट होती आणि नको तेच दाबलं जात होतं. त्या "हॅलो, हॅलो" म्हणत राहिल्या.

मावसा गोठ्याच्या दारात उभे होते. आमच्याकडे अंथरुणावरच्या माणसाला मरणाची बातमी देत नाहीत. तो स्वतःच्या पायाने चालायला लागेपर्यंत घरातला एकजण ती आपल्यापाशी ठेवतो.

"पाय जमनीक लागल्यार सांगतलंय, असा ठरवलंलंय," मावसा म्हणाले. "मगे लागलो पाय, आणि माझ्यान सांगवला नाय."

"माका पण नाय सांगलास?" मावशी म्हणाली. "मी तेच्यासाठी नारळ धाडलंय!"

दादाने हातातलं बोंड खाली ठेवलं. कुबडी घेतली आणि उठला. विहिरीच्या बाजूला जाऊन धुण्याच्या दगडावर बसला, मोडलेला पाय सरळ पुढे करून, अंगावरच्या कपड्यांनिशी. माणूस गेल्याचं कानावर आलं की आमच्याकडे नेसत्या वस्त्रांनी डोक्यावरून पाणी घेतात; पण ते आपल्या माणसासाठी.

"संदेशा, सुतक लागणारो न्हय तो आपलो," मावशी म्हणाली, पण ती रडत होती.

"पाणी काढ, प्रोफेसर."

मी रहाटाला हात लावला. चैत्रात आमची विहीर फार खोल जाते, बादली पाण्याला लागायला वेळ लागतो. माझे हात डिकाने चिकटत होते, दोर नीट सुटेना. तेव्हा मावसा गोठ्याच्या दारातून आले आणि त्यांनी दोर माझ्या हातातून घेतला. बादली वर आली. त्यांनी ती दादाच्या डोक्यावर हळूहळू रिकामी केली.

दादा खाली पाहत म्हणाला, "आणखी."

मावसांनी बादली पुन्हा विहिरीत सोडली.